कानावरचा तुरा

"डावीकडे वळा. आज कालव्याकाठची वाट प्रसन्न आहे."

वसुधा इंगवले डावीकडे वळली. समोरची वाट सरळ आणि जवळची आहे हे तिला ठाऊक होते. पण कानामागचा मणी सांगेल तिकडे वळण्याची पायांना सवय झाली होती, आणि सवय कधी वादात हरत नाही.

चिंचोक्याएवढा तो मणी धामणपेठेतल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या कानामागे असे. सारे त्याला 'वाटाड्या' म्हणत. शहरात बॅटरीचे कारखाने आले, रस्ते तुंबू लागले, तेव्हा एका खासगी कंपनीने तो जवळपास फुकट वाटला होता. सुरुवातीला वाटाड्या फक्त गर्दी चुकवी. पुढे तो कानामागच्या शिरेतून नाडीचे ठोके मोजू लागला आणि ज्या वाटेने माणूस शांत राहतो ती वाट सुचवू लागला. लोक खूश होते. डॉक्टरही खूश होते, कारण शहराचा सरासरी रक्तदाब खाली आला होता.

'सरासरी' हा शब्द वसुधा मात्र जपून वापरत असे. ती नगरपालिकेच्या मतमापन कक्षाची प्रमुख होती. राज्याने प्रयोगासाठी निवडलेल्या या शहरात दर वर्षी प्रत्येक नागरिक फोनवर एक आकडा दाबे: सर्वांच्या उत्पन्नातला शेकडा किती भाग 'समवाटा' म्हणून एकत्र करावा आणि तो दवाखाने, पाळणाघरे, बस यांवर सर्वांसाठी सारखा खर्च करावा. सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मध्यावर जो आकडा येई, तोच त्या वर्षीचा दर. त्याला 'मध्यमत' म्हणत. ना भाषण, ना पक्ष.

पद्धत वसुधानेच आखली होती. तिचा युक्तिवाद साधा होता. मूठभरांचे उत्पन्न फार वाढले की सरासरी वर पळते आणि रांगेच्या मध्यावरचा माणूस तिच्या खाली राहतो. तो भरतो थोडे आणि त्याला परत मिळते जास्त. मग तो दर वाढवायला सांगेल. जसजसा विषमतेचा ताप चढेल तसतसा औषधाचा डोस आपोआप वाढेल, असे तिने अहवालात लिहिले होते. उपमा तेव्हा सर्वांना आवडली होती.

ताप चढला. डोस मात्र जवळजवळ दरसाल उतरत गेला. चौदावरून सुरू झालेला दर आता नऊवर होता.

कालव्याची वाट आक्काच्या मागच्या दारी संपली.

"आलीस व्हय?" आक्का पाटावर बसून लसूण सोलत होती. "आणि पुन्हा मागच्या दारानं? पुढचा बोळ काय चावतो का तुला?"

"वाटाड्यानं आणलं."

"त्याला म्हणावं, थोरल्या बहिणीकडं चोरासारखं येऊ नये."

आक्का वसुधापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. पेठेत तिचे मसाला कांडप होते. मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून ते सून पाहत असे. डाव्या हाताची शीर डायलिसिसच्या सुयांनी दोरखंडासारखी फुगली होती. आठवड्यातून तीनदा ती नगरपालिकेच्या केंद्रात संध्याकाळच्या पाळीला जाई. कोपऱ्यात घट बसवलेला होता. नवरात्राचा तिसरा दिवस. भोवतीच्या मातीतून धान्याचे पांढुरके कोंब नुकते डोके काढत होते.

"संध्याकाळची पाळी बंद करणार म्हणत्यात," आक्का म्हणाली. "खरं काय?"

"दर आठाच्या खाली गेला तर. पैसाच पुरणार नाही."

"मग आम्ही कुठं जायचं?"

"सकाळच्या पाळीत जागा नाही. खासगीत जावं लागेल."

"खासगीत." आक्काने लसणाची पाकळी ताटलीत टाकली. खासगीचा भाव दोघींनाही माहीत होता. तो उच्चारण्यात अर्थ नव्हता.

मत विचारू नये, हा नियम वसुधानेच लिहिला होता. तरी तिने विचारले, "आक्का, तू किती दाबतेस?"

"सहा."

"सहा?"

"बहुतेक दरसाल सहाच. अगं, गरिबांचं बघायला पाहिजे, हे मला कळतंय की. पण सगळा भार आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांच्याच मानगुटीवर का? आपण ना वरचे, ना खालचे. आपल्याला लुटायचं, नि वाटायचं दुसऱ्याला."

"तुझं डायलिसिस त्यातूनच होतं, आक्का."

"ते सरकारचं."

वसुधाने मतदानासोबत जाणाऱ्या पुरवणी प्रश्नावलीतला प्रश्न विचारला. "शंभर माणसं रांगेत उभी केली, तर त्यातली किती तुझ्यापेक्षा कमी मिळवत असतील?"

आक्काने खरोखर विचार केला. "निम्मी तरी. ही शेजारची शकू, पलीकडचे मोमीन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. आम्ही सगळी सारखीच. कोण जरा वर, कोण जरा खाली."

खरे उत्तर अकराच्या आसपास होते. वसुधाने ते सांगितले नाही. निघताना आक्का म्हणाली, "दसऱ्याला ये. आणि कानातलं ते काढून ये. तुरा कुठं खोवू मग?"

*

"मॅडम, एका बिंदूवरून रेष काढू नये, हे तुम्हीच शिकवलंय मला," बशीर नदाफ म्हणाला. तो कक्षातला दुसरा आणि शेवटचा संख्याशास्त्रज्ञ.

"म्हणूनच तुला बोलावलं. माझी चूक शोध."

पडद्यावर दोन वर्षांपूर्वीचे मतदान होते. त्या वर्षी मोबाईलचे मनोरे बंद पडल्याने पश्चिमेकडच्या प्रभागांचे मतदान राहून गेले आणि दोन आठवड्यांनी घेतले गेले. कक्षाने दोन्ही भाग एकत्र करून एकच दर जाहीर केला. तो आधीच्या वर्षाइतकाच राहिला, याला सर्वांनी योगायोग म्हटले होते. वसुधानेही.

आता तिने दोन्ही भाग वेगळे केले. पूर्वेचा दर नेहमीसारखा घसरला होता. पश्चिमेचा चांगलाच चढला होता, आणि पश्चिमेत टेकडीवरचे बंगले होते तशी आक्काची पेठही होती. विशेष म्हणजे चढ बंगल्यांत आणि पेठेत, दोन्हीकडे होता.

"मधल्या दोन आठवड्यांत काय झालं?" बशीरने विचारले. "पगार? दंगल? मोठी बातमी?"

"तू सांग."

त्याने दिनदर्शिका उघडली. "दसरा."

"आता पुरवणी प्रश्न बघ."

शंभरांच्या रांगेत तुम्ही कुठे, या प्रश्नाला पूर्वेच्या बहुतेकांनी चाळीस ते साठच्या मधले उत्तर दिले होते. कारखान्याच्या संचालकाने आणि झाडूवाल्याने जवळजवळ एकच आकडा लिहिला होता. सारे शहर रांगेच्या मध्यावर उभे राहू पाहत होते. तिथे तेवढी जागा नव्हती. पश्चिमेची उत्तरे मात्र विखुरलेली होती, आणि खऱ्या उत्पन्नाच्या बरीच जवळ.

"दसऱ्याला माणसांना गणित येतं?" बशीर हसला.

"वाटाड्याची नोंद आहे आपल्याकडे?"

रस्त्यांच्या नियोजनासाठी कंपनी नगरपालिकेला नावे वगळून नोंदी देत असे. बशीरने त्या संध्याकाळची नोंद काढली आणि कपाळाला आठी घातली. "ही बघा गंमत. साडेचारपासून पडदा कोरा. सगळ्या शहराचा. यंत्रणा कोसळली असणार."

"त्याच्या आधीच्या दसऱ्याला?"

तोही कोरा होता. त्याच्या आधीचाही.

वसुधाने स्वतःच्या कानामागे हात नेला. मणी जिथे बसतो तिथेच, कानाच्या वरच्या कडेवर, ती लहानपणापासून दर दसऱ्याला तुरा खोवत आली होती. घटाभोवती उगवलेले कोवळे पिवळे कोंब. धामणपेठेत बाई असो की पुरुष, उजव्या कानावर तुरा नसेल तर शिवेवरच्या माळावर आपट्याची पाने लुटायला जायचे नाही, आणि ज्या वाटेने गेलो त्या वाटेने परतायचे नाही, असा रिवाज होता. एका कानावर दोन वस्तू मावत नाहीत. दुसऱ्या कानावर मणी लावता आला असता, पण तो एकाच बाजूसाठी घडवलेला होता. कंपनीने काटकसर केली होती.

"यंत्रणा कोसळली नव्हती," ती म्हणाली. "लोकांनीच मणी काढून ठेवले होते."

मग उरलेले काम सावकाशीचे होते. वाटाड्याला गरीब-श्रीमंत काही कळत नव्हते. त्याला नाडी कळत होती. आपल्यापेक्षा फार वरचा किंवा फार खालचा माणूस समोर आला की नाडी किंचित चढते. कोणाची हेव्याने, कोणाची संकोचाने, कोणाची भीतीने. वाटाड्याने कारण विचारले नाही. त्याने तशा गाठीभेटी टाळल्या. टेकडीवरचा माणूस टेकडीवरच्यांमधून फिरे, पेठेतला पेठेतल्यांमधून, आणि प्रत्येकाला आपल्या वर थोडे, आपल्या खाली थोडे दिसत. जो जिथे उभा तिथेच त्याला मध्य दिसे. दसऱ्याच्या संध्याकाळी सारे एका माळावर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पाने ओरबाडत आणि अनोळखी वाटांनी घरी येत. त्याचा परिणाम महिनाभर टिके. मग मणी आपले काम पूर्ववत करी.

"मॅडम, एक विचारू?" बशीर म्हणाला. "तुमचं उत्तर काय होतं? पुरवणी प्रश्नाचं?"

वसुधाने आठवण्याचे सोंग केले नाही. "पंचावन्न."

त्याने तिचा पगार पडद्यावरच्या रांगेत ठेवून पाहिला आणि सौजन्याने खिडकीबाहेर पाहू लागला. आकडा ब्याण्णव होता. आक्काकडे ती दर आठवड्याला जात होती; पण बहिणीच्या घरात माणूस उत्पन्न पाहत नाही, आणि पुढचा बोळ तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

*

नगराध्यक्ष पद्मजा सूर्यवंशी यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. त्या वकील होत्या. वाचल्याशिवाय बोलत नसत.

"ऑक्टोबरमधला कोणता दिवस घ्यायचा, हे तुम्ही ठरवता. नियम तसा आहे," त्या म्हणाल्या. "आजवर तुम्ही दसऱ्याआधीचाच घेतलात."

"दसरा आला की लोक गडबडीत असतात, एवढंच कारण होतं. मला वाटायचं, तारखेनं काही फरक पडत नाही."

"आता पडतो म्हणता. आधी घेतलं तर दर सातावर जाईल आणि डायलिसिसची पाळी बंद होईल. नंतर घेतलं तर वाचेल. म्हणजे इंगवलेबाई, शहराचा कर तुम्ही ठरवणार. एकट्या."

"कोणतीही तारीख घेतली तरी कोणीतरी ठरवलेलंच असेल. आजवर ते मणी ठरवत होता."

"मणी कुणाला आकडा सांगत नाही. फक्त मन शांत ठेवतो. शांत मनानं दिलेलं मत खरं, की जत्रेच्या धुंदीत दिलेलं?"

"शांत मन आंधळंही असू शकतं."

"आणि भरलेलं मन?" पद्मजाताईंनी चष्मा काढला. "उद्या कोणी म्हणेल, मतदान मयताच्या दुसऱ्या दिवशी घ्या, माणूस तेव्हा सर्वांत प्रामाणिक असतो. कुठं थांबणार?"

प्रश्न योग्य होता. शिवाय वसुधाला स्वतःवरच विश्वास ठेवता येत नव्हता. एखाद्या शिष्याने असा निष्कर्ष आणला असता, आणि त्याची बहीण त्या पाळीला सुया टोचून घेत असती, तर तिने तो बाजूला सारला असता.

"माझी सख्खी बहीण संध्याकाळच्या पाळीला आहे," ती म्हणाली. "हे तुम्हाला माहीत असावं."

"मला माहीत आहे. लहान शहर आहे हे." पद्मजाताई किंचित हसल्या. "मग लोकांनाच विचारा ना, मतदान कधी हवं म्हणून."

"विचारलं असतं. पण ते कधी विचारायचं? दसऱ्याआधी, की नंतर?"

मग पद्मजाताईंनी अहवाल तिच्याकडे सरकवला. "तारीख तुम्हीच लिहा. पण कारणासकट लिहा. आणि बहिणीसकट."

वसुधाने तसेच केले. मतदान दसऱ्यानंतरच्या सोमवारी, असे तिने जाहीर केले आणि सोबत सगळा अहवाल प्रसिद्ध केला: मनोऱ्यांचा बिघाड, कोऱ्या संध्याकाळी, तुरा, नाडी, स्वतःचे पंचावन्न आणि आक्काचे नाव. तपासता येत नाही ते विज्ञान नव्हे, आणि जे तपासायचे ते उघड्यावर हवे, असे ती आयुष्यभर सांगत आली होती.

अहवालावर शहरात दोन दिवस चर्चा झाली. टेकडीवरच्या लोकांना तो पेठेसाठी लिहिलेला वाटला, पेठेतल्यांना टेकडीसाठी. आपल्याविषयी तो आहे असे फारच थोड्यांना वाटले. सर्वांत काळजीपूर्वक तो वाचला वाटाड्या बनवणाऱ्या कंपनीने. तिने कसलाही खुलासा केला नाही, तक्रारही केली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चौकाचौकांत तिचे मांडव लागले.

*

दसऱ्याच्या दुपारी वसुधाने मणी घरीच काढून ठेवला आणि सरळ वाटेने निघाली. पेठेचा पुढचा बोळ अरुंद होता, गटाराच्या कडेला पत्र्याची दारे होती, आणि एका दारात पाण्याचा ड्रम भरण्यासाठी तीन बायका थांबल्या होत्या. तिने कालव्याची वाट का पसंत केली होती हे तिच्या नाडीने तिला लगेच सांगितले. ती चालत राहिली.

आक्का उंबऱ्यातच उभी होती. नवी साडी, आणि कानावर पिवळा, टवटवीत तुरा.

"बघ, पुढच्या दारानं आली माझी बहीण! पेपरात माझं नाव छापलंस म्हणं. दवाखान्यातली पोरं मला आता हिरॉईन म्हणत्यात."

"रागावली नाहीस?"

"फोटो तरी बरा टाकायचा होतास."

वसुधाने दुसरा तुरा स्वतःच्या कानावर खोवला. माळ जवळ होता. आक्का दर पन्नास पावलांवर थांबून श्वास घेई. माळाच्या तोंडाशी आक्का अचानक डावीकडे वळली.

"आक्का, सरळ ना?"

"इकडून सावली आहे. बरं वाटेल म्हणतोय."

"कोण म्हणतोय?"

आक्काने मान वळवली. तुऱ्याच्या बुडाशी मणी होता. नवा, आधीपेक्षा बारीक, आणि त्याच्या पाठीवर एक नीटस खाच. कोंब तिच्यात घट्ट बसले होते. "दवाखान्यात फुकट वाटले. दसरा भेट. आता काढायला नको नि घालायला नको. हुशार आहेत हं माणसं."

वसुधाने माळावर नजर टाकली. माणसे दरवर्षीइतकीच होती, कदाचित जास्तच. प्रत्येकाच्या कानावर तुरा होता. पण आपट्याच्या झुडपांभोवती नेहमीची झोंबाझोंबी नव्हती. उत्तरेच्या झुडपांपाशी रेशमी सदरे होते, ओढ्याच्या काठी कारखान्याचे गणवेश, इकडे सावलीत पेठ. लोक हसत होते, पाने देत होते, मोठ्यांच्या पाया पडत होते. कोणी कोणाला अडवले नव्हते. प्रत्येक जण आपल्याला बरे वाटेल तिथे उभा होता.

कोऱ्या पडद्याचे कारण तिनेच कंपनीला लिहून दिले होते, तक्त्यांसकट.

"सोनं घे, सोन्यासारखी राहा," आक्काने तिच्या हातात पान ठेवले आणि समाधानाने चहूकडे पाहिले. "उगीच लिहितेस तू काहीबाही. बघ की. सगळी आपल्यासारखीच आहेत."

सोमवारी आक्का सहा दाबणार होती. तिला आकडा सांगणे नियमात बसत नव्हते, आणि सांगून उपयोगही नव्हता. आकडा हे मत नव्हते, मण्याने तिला जिथे आणून उभे केले ती सावली हे मत होते. आक्काच्या फुगलेल्या शिरेतून रक्त घरघरत वाहत होते, कान जवळ नेला तर ऐकू येईल असे.

वसुधाने हात पुढे केला आणि तुरा न मोडता खाचेतला मणी अलगद काढून घेतला. कोंब तिने पुन्हा कानावर खोवले. आक्काने विरोध केला नाही. फक्त, कोणी बोलता बोलता मध्येच थांबावे, तसे तिने मान कलती करून ऐकले.

"गप्प झाला की हा."

"चल. आल्या वाटेनं परतायचं नसतं ना?" वसुधाने उत्तरेकडे बोट केले. रेशमी सदऱ्यांच्या पलीकडे टेकडीचा रस्ता वर चढत होता, आणि तो वळसा घेऊन कारखान्याच्या वसाहतीतून पेठेत उतरत होता. "तिकडून जाऊ."

आक्काने त्या चढाकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे.

"जाऊ की," ती म्हणाली. "पण लांब पडंल का गं?"

अंतर वसुधाला माहीत नव्हते. त्या वाटेने ती कधी गेलीच नव्हती.